तर्रीने भाजलेला हात, सिलिकॉन शीट अन् प्रेशर बाही: आठ महिने वापरून

स्टार पाहिजे असतील तर पहिलेच देऊन टाकतो. भाजल्यावर उठलेला व्रण बसवायला लावतात त्या सिलिकॉन शीटला ४, त्याच कामाच्या घट्ट प्रेशर बाहीला पहिल्या महिन्यात १ अन् आता ४, आणि घराजवळच्या मेडिकलमधून आणलेल्या 'डाग गायब' क्रीमला शून्य. (मेडिकल म्हणजे औषधाचं दुकान बरं, नागपुरात मेडिकल म्हटलं की लोकांना आपलं मोठं सरकारी मेडिकल वाटते, ते नाही.) ब्रँडचं नाव टाकत नाही, कारण माझ्या अनुभवात फरक ब्रँडने पडला नाही, मापाने पडला. पुढचं लांब आहे, ज्याच्या घरी कोणी भाजलं असेल त्याने निवांत बसून वाचा.

माझा पोह्याचा ठेला आहे. सकाळी साडेपाचला तर्री (पोह्यावर टाकायचा झणझणीत रस्सा) चढते. मागच्या डिसेंबरात गंज (मोठं पातेलं) खाली उतरवताना सांडशी सटकली अन् उकळती तर्री उजव्या हातावर आली, मनगटाच्या वरून तर कोपराच्या आतल्या खळगीपर्यंत. पाणी सांडलं तर निदान वाहून तरी जाते, तर्रीवरचं तेल हाताला धरून बसते अन् आतपर्यंत भाजतच राहते. मी नळाखाली हात धरला तर आई ओरडली, "पाणी काहून टाकून राहिला रे, फोड येतीन, हळद लाव पहिले!" अन् मी चाळिशीचा माणूस, आईचं ऐकलं. दोन मिनिटांत हात नळाखालून काढला, हळद थापली. डॉक्टर नंतर म्हणाले की नळाचं साधं वाहतं पाणी पुरे २० मिनिटं पाहिजे, अन् तेव्हा जमलं नाही तर भाजल्यावर तीन तासांच्या आत कधीही धरलं तरी फायदा होते. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद तर नाहीच नाही, ती जखमेत बसली की भाजलं किती खोल हे डॉक्टरलाच दिसत नाही.

तिसऱ्या आठवड्यात जखम अर्धीच भरली होती. तेव्हा डॉक्टर म्हणाले होते की मांडीची पातळ चामडी काढून इथे लावू, लवकर भरेल. घरात चामडी शब्द ऐकून सगळ्यांचे चेहरे उतरले, माझाही, आम्ही नाही म्हटलं. जखम पाचव्या आठवड्यानंतर भरली, जानेवारीच्या शेवटी. हे एवढं सविस्तर यासाठी सांगून राहिलो की पुढच्या सगळ्या राड्याचं मूळ इथे आहे. भाजलेली जखम दोन आठवड्यांच्या आत भरली तर सहसा रंगाचा डाग राहते, वर उठत नाही. तीन आठवड्यांच्या वर गेली की व्रण जाड होण्याचा धोका एकदम वाढते. हे तेव्हा माहीत असतं तर मी चामडीला हो म्हटलं असतं. म्हणजे कदाचित. घाबरट आहे मी.

फेब्रुवारीत हात मस्त होता. गुलाबी, सपाट, थोडा कोरडा. मी लोकांना दाखवत फिरलो, पाहा किती छान भरलं म्हणून. अन् मार्चच्या पहिल्या आठवड्यात आंघोळ करताना हाताला काहीतरी दोरीसारखं लागलं. मग रोज थोडं थोडं वर यायला लागलं, लालभडक, चकचकीत, अन् खाज अशी की रात्री दोन वाजता उठून कूलरसमोर हात धरून बसायचो. कोपर सरळ करायला गेलो की खळगीतली ती दोरी ताणायची. जखम भरली म्हणजे विषय संपला असं मला वाटलं होतं, इथे तर विषय जखम भरल्यावर सुरू झाला.

याच काळात ती क्रीम. दुकानदार म्हणे, "भाऊ, एक महिना लावा, गॅरंटी." दोन ट्यूबा संपवल्या, ६०० रुपये गेले, अन् सगळ्यात वाईट म्हणजे तीन आठवडे गेले. पैशाचं दुःख नाही. नवीन व्रणात आठवडा-आठवडा मोलाचा असते, उपाय जितके लवकर सुरू होतील तितका व्रण ऐकते, हे मला ओपीडीत समजलं.

प्लॅस्टिक सर्जरीच्या ओपीडीत (कोणत्या ते सोडा, धंतोली-रामदासपेठेत दर दहा पावलांवर दवाखाना आहे, आपापला शोधा) तरुण डॉक्टर होते. त्यांनी काय केलं, साधा पेन घेतला अन् माझ्या जुन्या जखमेच्या कडेकडेने हातावर रेघ काढली, मला म्हणे मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. ही झाली जखमेची हद्द. व्रण हद्दीच्या आत राहून वर उठला तर तो हायपरट्रॉफिक, हद्द ओलांडून चांगल्या चामडीत घुसला तर तो कीलॉइड. पहिला प्रकार जखम भरल्यावर महिना-दोन महिन्यांत उठते, चार-सहा महिने वाढते, मग वर्ष-दोन वर्षांत स्वतःहून थोडा तरी बसते. दुसरा कधी कधी वर्षभराने उगवते अन् स्वतःहून काही बसत नाही, नुसता कापून काढला तर बहुतेक वेळा परत येते, कधी पहिलेपेक्षा मोठा. कानाची पाळी, छाती, खांदा ही त्याची आवडती जागा, अन् आपल्यासारख्या सावळ्या लोकांत जास्त. नाव म्हणे खेकड्याच्या नांगीवरून पडलं, आलिबेर नावाच्या फ्रेंच डॉक्टरने दोनशे वर्षांपूर्वी ठेवलं, कारण तो चांगल्या चामडीत नांग्या टाकल्यासारखा पसरते. माझा पहिला प्रकार निघाला. एवढं ऐकूनच अर्धी खाज कमी झाली.

मी विचारलं, हे होते कायले? तर म्हणे गवंडी बोलावला प्लास्टर करायला, भिंत भरली, पण थांब म्हणणारं कोणी नाही, तो आपला थर चढवून राहिला. तो थर म्हणजे कोलॅजन, चामडी बांधून धरणारं प्रथिन. त्यात मायोफायब्रोब्लास्ट म्हणून पेशी असतात, त्यांचं काम जखमेच्या कडा ओढून जवळ आणायचं. काम झालं की त्या मरायला पाहिजे. खोल भाजलेल्या जागेत त्या मरत नाहीत, ओढतच राहतात. म्हणून माझं कोपर वाकून राहिलं होतं.

आता वस्तूंवर येतो.

शीट पहिले. पारदर्शक, जाड, हाताला थोडी चिकट, आपण मोबाइलला सिलिकॉन कव्हर घालतो तशीच काहीशी. व्रणापेक्षा थोडी मोठी कापायची अन् चिकटवायची. मला साडेअकराशेला पडली, त्यातून दोन तुकडे झाले. यात औषध काहीच नसते, हे मला पहिले पटलंच नाही, बायको तर म्हणे एवढ्या पैशात नुसतं रबर? पण काम असं की नवीन व्रणाच्या वरचा थर कच्चा असते, त्यातून पाणी उडत राहते, अन् चामडी कोरडी पडली की खालच्या पेशी अजून कोलॅजन टाकतात. शीट ते पाणी आत राखते. सिलिकॉन आत मुरत-बिरत नाही. भाजलेल्यांच्या व्रणावर हे १९८० च्या दशकापासून वापरून राहिले आहेत, म्हणजे कालचं फॅड नाही.

पहिल्या दिवशी चार तास, मग रोज थोडं वाढवत, शेवटी दिवसाचे किमान १२ तास, जमलं तर जास्त. कमीत कमी दोन-तीन महिने. रोज काढून साध्या साबणाने धुवायची, हातही धुवायचा, शीट टॉवेलने पुसायची नाही, रोवा चिकटतो, हवेतच सुकू द्यायची, परत लावायची. चिकटपणा गेला की नवीन. माझा एक तुकडा पाच आठवडे चालला. उघड्या जखमेवर अजिबात लावायची नाही, छोटा फोड फुटला असेल तरी तेवढे दिवस बंद. खाज १५ दिवसांत निम्म्यावर आली, हे मी लिहून ठेवलं आहे म्हणून सांगतो. उंची कमी व्हायला मात्र तीन महिने लागले, अन् पहिल्या महिन्यात तर काहीच दिसलं नाही, तेव्हा सोडून द्यायचं मनात आलं होतं.

बाही. इथे माझी फजिती झाली. मी हुशारी करून ऑनलाइन एम साइज मागवली, फोटोत तर सारखीच दिसत होती अन् निम्म्या भावात. दोन दिवसांत दंडाकडची कड गुंडाळून दोरीसारखी रुतली अन् बोटं सुजली, अन् व्रणाच्या जागी ती ढिली! म्हणजे जिथे दाब पाहिजे तिथे नाही अन् जिथे नको तिथे फास. परत पाठवली तर वापरलेली आहे म्हणून पैसेही मिळाले नाहीत, त्यात त्यांची चूक नाही तसं पाहिलं तर.

मग मापाची बाही शिवून घेतली. शिवणारे काका म्हातारे, चष्मा कपाळावर, त्यांनी मनगटापासून दंडापर्यंत दर दीड इंचावर खूण करून प्रत्येक खुणेवर टेप फिरवला, शेजारी वहीत आकडे. मापापेक्षा कापड मुद्दाम थोडं लहान कापतात, त्यातून दाब येते. हा दाब साधारण २० ते २५ मिलिमीटर पारा एवढा असावा, म्हणजे बीपीच्या मशीनचा पट्टा थोडासाच फुगवला तर लागते तेवढा. दाबाने तिथला रक्तपुरवठा थोडा घटते, गवंड्याचा माल अडते असं समजा. दिवसाचे २३ तास घालायची, आंघोळ अन् मालिशपुरती काढायची, अन् हे व्रण फिका अन् मऊ होईपर्यंत, म्हणजे बहुतेकांना वर्षभर. काका म्हणाले, "दोन शिवा जी, एक अंगावर एक दोरीवर. अन् तीन महिन्यांनी या, इलास्टिक मरते, मग ती नुसती कपड्याची बाही राहते." दोन बाह्यांचे ३६०० झाले. तेव्हा जास्त वाटले. तीन महिन्यांनी परत गेलो तर त्यांनी परत सगळी मापं घेतली, जुन्या वहीवरून नाही शिवली, कारण सूज उतरून हात बारीक झाला होता. मी आधी जो १ स्टार म्हटला तो ऑनलाइन बाहीचा अन् ४ या काकांच्या टेपचा. लेकरू असेल तर मापं अजून लवकर बदलतात, वाढत्या हाताला जुनी बाही घालू नका.

धुवायचं हाताने, कोमट पाण्यात, पिळायची नाही, उन्हात टाकायची नाही. आमच्या आईने पहिली बाही गच्चीवर मे महिन्याच्या उन्हात वाळत घातली, संपला विषय.

अन् आता ज्या कारणासाठी हा रिव्ह्यू लिहायला बसलो ते. या वस्तूंच्या खोक्यावर कुठेच लिहिलेलं नसते की नागपूरच्या नवतपात (मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस) काय करायचं. बाहेर ४५, अंगावर नायलॉन अन् लायक्राची घट्ट बाही, तिच्याखाली रबर. खोल भाजलेल्या चामडीतल्या घामाच्या ग्रंथी जळून जातात, तिथे घाम येत नाही, आजूबाजूच्या चांगल्या चामडीला मात्र दुप्पट येते अन् तो शीटखाली साचते. मला शीटच्या कडेने घामोळ्यांची पूर्ण माळ आली, एका जागी चामडी पांढरी पडून भिजल्यासारखी झाली. मी चार दिवस सगळं बंद केलं अन् लगेच खाज परत. मग फिजिओवाल्या ताईंनी वेळापत्रक लावून दिलं, ते जसंच्या तसं देतो. दिवसा फक्त बाही, शीट नाही. शीट संध्याकाळी सातपासून सकाळपर्यंत, कूलरच्या खोलीत. दिवसातून दोनदा बाही काढून हात ओल्या कपड्याने पुसायचा, पूर्ण सुकवायचा, मग चढवायची. पावडर टाकायची नाही, शीट चिकटत नाही मग. साडेपाचला ठेला, त्यामुळे यात शीटचे दहाएक तास होतात, १२ ला थोडे कमीच. पावसाळा लागल्यावर दोन्ही सोबत सुरू केलं.

ठेल्यावर मात्र बाही काढून ठेवायची. हे मी माझ्या डोक्याने विचारलं अन् डॉक्टर हसले, म्हणे बरं झालं विचारलं. नायलॉन आगीजवळ वितळून चामडीला चिकटते. तेव्हा सकाळचे साडेपाच ते दहा माझी बाही डब्यात. २३ तास माझे कधी झालेच नाहीत, १८ च्या आसपास, तरी फरक पडला. ज्यांचं काम गॅसपाशी आहे, घरच्या बायासुद्धा, त्यांनी हे लक्षात ठेवा अन् त्या वेळात सुती पूर्ण बाहीचा शर्ट घाला. नवीन व्रणाला ऊन लागलं तर तो काळा पडते अन् काळाच राहते, त्यामुळे बाही नसेल तेव्हा कापड किंवा सनस्क्रीन.

डॉक्टरांनी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली, ती मला आवडली. म्हणे भाऊ, शीट अन् बाही जगभर वापरतात, आम्हीपण देतो, पण अभ्यास चाळले तर पुरावा काही लोखंडी नाही, बरेच अभ्यास लहान अन् कच्चे आहेत, त्यामुळे कोणी हात पहिलेसारखा करून देतो म्हटलं तर उठून या. आता यावर तुम्ही म्हणाल मग ४ स्टार कशाचे. माझे स्टार माझ्या हाताचे आहेत. त्यांच्याकडे व्हँकुव्हर स्केल नावाचा हिशोब असते, रंग, लाली, कडकपणा अन् उंची असे चार विषय, पूर्ण १३ पैकी, जितके जास्त तितकं वाईट. मार्चमध्ये माझे १०, या महिन्यात ५. शाळेत असे मार्क कमी पडले असते तर बाबांनी हाणलं असतं.

पण त्या ५ चं सगळं श्रेय शीट-बाहीला देणं खोटं होईल. कोपराच्या खळगीतली दोरी दोघांनाही दाद देत नव्हती. तिथे तीन इंजेक्शनं झाली, ट्रायअ‍ॅमसिनोलोन नावाचं स्टेरॉइड, थेट व्रणाच्या आत, दर महिन्याला एक. दुखते. साधं नाही दुखत, व्रण टणक असते, औषध आत जायला जागा नसते, सुई मारणाऱ्या डॉक्टरचाही अंगठा कापत होता. दोरी निम्मी बसली, पण बदल्यात एक पांढरा ठिपका आला अन् तिथली चामडी पातळ झाली, हे होऊ शकते असं आधी सांगितलं होतं. शुगरवाल्यांनी आधी सांगून टाका, याने शुगर वाढू शकते.

अन् स्प्लिंट! फुकटात जे मिळालं त्यात सगळ्यात कामाचं हेच. भाजलेल्या माणसाला हात ज्या स्थितीत बरा वाटते, नेमक्या त्याच स्थितीत तो आखडते. मला कोपर वाकवून बरं वाटायचं. ताईंनी प्लास्टिकची पट्टी गरम पाण्यात मऊ करून माझ्या हाताच्या सरळ आकारात बसवून दिली, रात्री ती बांधून झोपायचं. मानेला भाजलं असेल तर उशी बंद, असं त्यांनी बाजूच्या पेशंटला सांगितलेलं ऐकलं. शिवाय दिवसातून तीन-चार वेळा बिनवासाच्या क्रीमने मालिश, व्रण पांढरा पडेल एवढं अंगठ्याने दाबून गोल फिरवायचं. मालिश बायकोने केलं, मी स्वतः केलं की हलकं करायचो. मार्चमध्ये कोपर सरळ व्हायला २५ अंश कमी पडत होते, आता पाचेक.

लेझरचं विचारलं होतं. लालीसाठी पल्स्ड डाय, कडकपणासाठी फ्रॅक्शनल सीओटू, दोन्ही बऱ्याच वेळा करावं लागते अन् खर्च पाहून मी म्हटलं सध्या राहू द्या. त्याचा रिव्ह्यू माझ्याकडून मिळणार नाही.

एक गोष्ट जुन्या व्रणवाल्यांसाठी, ज्यांना लहानपणी भाजलं अन् ज्यांनी कधी दाखवलंच नाही. दहा-वीस वर्षांच्या व्रणावर फोड येऊन भरतच नसेल, परत परत चिघळत असेल, तर मलम लावत बसू नका, त्यात क्वचित कॅन्सर निघते. त्याला मार्जोलिन अल्सर म्हणतात.

आता हात कसा दिसते? तर दिसते. नकाशासारखा, कडेला फिका, मध्ये तपकिरी. पोळ्याला पोरीच्या लाकडी बैलाला रंग देत होतो तर ती म्हणे बाबा तुमच्या हातालापण देऊ का. ठेल्यावर गिऱ्हाईक अजूनही विचारतात, मी म्हणतो तर्री सांभाळून खा, पाहा काय करते.

शीट अर्धी उरली आहे, दोघांनी मागितली. वापरलेली कोणाला देत नाही, घेऊही नका. बाहीचं चौथं माप पुढच्या गुरुवारी आहे, काकांनी सांगितलं आहे की येताना जुन्या दोन्ही घेऊन या, कुठे सैल पडल्या ते पाहू.